नुसता हात

वळणावर समोरून पुंजारामचा रिकामा टेम्पो आला. त्यानं खिडकीतून हात वर केला, तोंडभर हसला आणि निघून गेला. कानिफनाथनं निर्धास्तपणे आपल्या टेम्पोचा वेग वाढवला. तिसगावचे टोमॅटो लिलावाआधी नगरच्या बाजारात पोचायला हवे होते.

दोघा साडवांचं हे ठरलेलंच होतं. समोरच्यानं दोनदा दिवा मारला, तर पुढं वेग मोजणारी पोलिसांची गाडी. नुसता हात केला, तर रस्ता मोकळा. पुंजारामला टेम्पो शिकवला कानिफनाथनं, आणि ही खूणही त्यानंच शिकवलेली.

घाट उतरला, तर लिंबाखाली पांढरी गाडी उभी! शिट्टी वाजली आणि कानिफनाथनं टेम्पो कडेला घेतला.

"साठचा बोर्ड दिसला नाही का?" हवालदारानं मोबाईलवर टेम्पोचा नंबर टाकला. "अरे वा, दुसऱ्यांदा सापडलात. आता लायसन जमा."

"साहेब, दंड घ्या, पन लायसन नका घेऊ. गुरुवारी डेअरीत ड्रायवरची भरती हाय. कायमची नोकरी हाय, साहेब."

"मग हळू यायचं."

"साडूनं हात केला म्हनून आलो. त्याला तुमची गाडी दिसली नसंल. दिसली असती तर त्यानं सांगितलं असतं."

डेअरीत जागा एकच होती आणि अर्ज दोघांचे. पण कालच चहा पिताना पुंजाराम म्हणाला होता, "दाजी, तुमीच लागा. तुमच्या पोरीचं, ज्ञानेश्वरीचं कॉलेज हाय." कानिफनाथचे डोळे भरून आले होते तेव्हा.

एवढ्यात मागून गावातल्या ओंकारचा पिकअप अगदी सावकाश आला आणि थांबला.

"काका, तुमी कसं काय घावलात? मी तुमच्या मागंच हुतो की. पुंजाकाकांनी दोनदा दिवा मारला म्हनून वाचलो बघा." त्यानं आवाज खाली आणला. "तुमाला न्हाई मारला?"

हवालदारानं मान वर करून कानिफनाथकडं पाहिलं.

 पुंजारामचं मघाचं ते हसू कानिफनाथच्या डोळ्यांपुढून हलेना. घरचा माणूस, आणि असा गळा कापतो? उपरण्यानं त्यानं उगाच तोंड पुसलं.

"मारला की," तो म्हणाला. "माझंच ध्यान न्हवतं."

 कानिफनाथनं खिशातून लायसन काढलं आणि स्वतःच हवालदाराच्या हातात ठेवलं.

ओंकारनं पिकअप गिअरमध्ये टाकला. जाताना नेहमीसारखा खिडकीतून हात वर केला.

कानिफनाथनं तोंड फिरवलं.