घंटेपुरता कोरा कागद

आचल अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. सुरभी तिच्या पाठीमागे उभी राहून ताटली आपटून पाही, टाळी वाजवून पाही, आणि पोर वळली नाही की गुपचूप पोळ्या लाटायला लागे. नागपूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवू, असं तिने घरात कितीदा तरी काढलं. सासूबाईंचं, आनंदाबाईंचं उत्तर तयारच असायचं.

"पोरगी आयकते. देवळात घंटा वाजली का खदखदा हासते. बहिरं लेकरू हासन काय?"

ते खोटं नव्हतं. वेणा नदीच्या काठी जगदंबेचं जुनं देऊळ होतं. आजोबांनी, नत्थूजींनी कडेवर उचललं की आचल दोन्ही हातांनी घंटेला बिलगायची, आजोबा लोलक हलवायचे, आणि ती अशी हसायची की पुजारीसुद्धा आरती थांबवून पाहायचा. सुरभी स्वतः त्या हसण्याला धरून होती. नागपूरचं तोंडून निघे खरं, पण कोणी 'नको' म्हटलं की तिला आतून बरंच वाटे.

त्या उन्हाळ्यात शिखराचे तडे रुंदावले आणि देऊळ पाडून नवं बांधायचं ठरलं. नत्थूजी किराण्याचे जुने व्यापारी, देवस्थानच्या कमिटीत सगळ्यांत पुढे.

"सूनबाई, तू कालेजात चित्रकला शिकली नं? देवळाचं चित्र काढून दे. नवं होईपावतर लोकायले डोकं टेकायले काई पाह्यजे."

काढायचं होतं देवी हलवण्याआधी. पण आचलला ताप भरला आणि सुरभीचं घराबाहेर पडणं लांबलं. ती बोर्ड आणि जलरंग घेऊन पोचली तेव्हा विधी उरकला होता. देवीचं तेज मंत्रांनी कलशातल्या पाण्यात उतरवून कलश नत्थूजींच्याच घरच्या देवघरात नेला होता. गाभाऱ्यातली समई विझवलेली. सुरभीने दिसलं तसं रंगवलं. चुन्याच्या शिखरावर पातळ पिवळसर हात फिरवला, दाराच्या चौकटीत निळा आणि तपकिरी कालवून दाट काळोख भरला. फक्त पितळी घंटेवर जिथे ऊन चमकत होतं, तेवढा ठिपका कागद कोरा ठेवला. तो राखताना तिच्या डोळ्यांपुढे आचलचंच हसणं होतं.

लगेच देऊळ पाडलं. घंटा पोत्यात गुंडाळून गोदामात गेली. चित्राला काच लावून ते बैठकीत, हात पोचेल असं टांगलं.

आनंदाबाईंनी पदर सावरून डोकं टेकलं आणि मागे सरकल्या.

"हे का केलं, सुरभे? आत अंधारच अंधार. एखांदा दिवा तं लाव."

"आता नाई लागत, आई. या रंगात काळ्यावर उजेड चढत नाई. आधीच कागद कोरा सोडावा लागते."

"मंग सोडला काऊन नाई?"

"मी गेली तवा दिवा नव्हता."

"एवढी फी भरून कालेजात शिकली," तिचा नवरा सचिन म्हणाला, "अन् घरी दिवा बी नाई लावता येत."

सगळे हसले. नत्थूजींनीही मिशीत हसून नातीला उचललं आणि चित्रापाशी नेलं.

"वाजव बेटा घंटा. टण्ण... टण्ण..."

आचलने लगबगीने दोन्ही तळवे काचेवर, बरोबर घंटेवर ठेवले. चेहऱ्यावर हसू आधीच तयार होतं. ती थांबली. मग जोर देऊन तळवे आणखी दाबले. आजोबा तिच्या कानाशीच टण्ण टण्ण करत होते, पण तिने त्यांच्याकडे मान वळवली नाही. तळवे काढून ती त्यांच्याकडे पाहत बसली, हातातून कोणी काही काढून घेतल्यासारखी, आणि ओठ काढून रडायला लागली.

सुरभीच्या ध्यानात आलं. पोर इतके दिवस घंटा ऐकत नव्हतीच. थरथरतं पितळ तिला हातांना कळत होतं, तेवढंच.

नत्थूजींचा टण्ण बारीक होत होत थांबला. त्यांनी नातीचे तळवे आपल्या मुठीत धरले आणि चित्रातल्या काळ्या दाराकडे पाहिलं.

"सचिन," ते म्हणाले, "उद्या सकाळच्या बसनं या मायलेकीले नागपूरले घेऊन जाजो."

हेच वाक्य ऐकायला सुरभी महिनोन्‌महिने झुरली होती. आता तिला वाटलं, अजून थोडे दिवस हे कोणी म्हणायला नको होतं.