डॉल्फिनचा अंगठा

मधली सुट्टी झाली तशी वल्लरी ड्रॉइंग बोर्ड छातीशी उलटा धरून प्रयोगशाळेत शिरली. कोपऱ्यातल्या बाकावर मनस्वीचं चित्र वर्तमानपत्राखाली झाकलेलं होतं. तिने वर्तमानपत्र उचललं.

डॉल्फिनचा सांगाडा. दोनशे वर्षांपूर्वी कुणा परदेशी चित्रकाराने काढलेला. त्याची झेरॉक्स फळ्याशेजारी चिकटवलेली होती आणि दोघींनी तिच्यावरून मोठं चित्र काढलं होतं. दोनातलं एकच अलिबागच्या प्रदर्शनात जाणार होतं. कुठलं, ते शशिकला मॅडम आज ठरवणार होत्या.

मनस्वीच्या चित्रातल्या बरगड्या चक्क श्वास घेत होत्या. जूनमध्ये शाळेत आलेली, मोरा बंदराहून दोन बस बदलून येणारी मुलगी! दरवर्षी मॅडम ‘आमची चित्रकार’ म्हणून वल्लरीच्याच खांद्यावर हात ठेवायच्या. यंदा तो हात मध्येच कुठेतरी थांबायचा.

एक तरी चूक सापडायलाच हवी होती. ती वाकली. मणके बरोबर. कवटी तर, छे, कवटी अप्रतिमच. मग पर. डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत आपल्या हातासारखीच पाच बोटं असतात. एक, दोन, तीन, चार… इवलासा अंगठा गायब!

तिला नाचावंसं वाटलं. खात्री करायला तिने आपला बोर्ड सरळ केला.

चार.

ती झेरॉक्सला नाक लावून उभी राहिली. होता की, काळ्या डागात बुडालेला अंगठा. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्या काळच्या पुष्कळ चित्रकारांनी प्राणी पाहिलेलाच नसे. एकमेकांचं बघून काढायचे, आणि एकाची चूक वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पुस्तकांतून फिरायची. वर्ग हसला होता. सगळ्यात मोठ्याने वल्लरी.

आणि पहिला आठवडाभर तिने आपला बोर्ड मुद्दाम वर्गाकडे तोंड करून ठेवला होता. सगळ्यांनी बघावा म्हणून.

तिने घाईघाईने पेन्सिल काढली आणि आपल्या डॉल्फिनला अंगठा दिला.

“कसं झालंय माझं?”

दारात मनस्वी, हातात धुतलेला डबा. वल्लरीने बोर्ड पुन्हा छातीशी ओढला.

“बरंय.”

“नुसतं बरंय? तोंड तर मिरची चावल्यासारखं केलंयस.”

“पराची बोटं कशी काढलीस?”

“तुझी बघून. त्या झेरॉक्समधी काय दिसत नाय, नुसता डाग हाय. म्हटलं, वल्लरीने काढलंय म्हणजे बरोबरच असणार.”

बाहेर मॅडमच्या चपलांचा आवाज आला. आता फक्त गप्प राहायचं होतं. तेवढंच पुरलं असतं.

वल्लरीने बोर्ड बाकावर ठेवला, मनस्वीकडे तोंड करून.

“माझं चुकलं होतं. अंगठा राहिला होता. हे बघ, असा.” तिने पेन्सिल पुढे केली. “घे. पटकन.”

मनस्वीने एकदाच वल्लरीच्या चित्राकडे पाहिलं आणि एका रेघेत अंगठा काढला. वल्लरीच्यापेक्षा चांगला. आत्ता हलेल असा.

“आल्या मॅडम,” मनस्वी कुजबुजली. “कोणाचं वरती ठेवू गं?”

वल्लरी खिडकीबाहेर बघत राहिली.

“तुझंच ठेव,” ती म्हणाली. “आणि माझी पेन्सिल परत दे.”