पत्र्यावरचा धोंडा

मी एक जुना धोंडा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे तुमच्या आजोबांच्या सायकलीइतका नव्हे, चांगला साडेसहा कोटी वर्षांचा! तुमची अख्खी माणूसजात माझ्यापुढे कालचं पोर, आणि अकलेचं तर विचारूच नका.

माझा जन्म लाव्ह्यातला. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठाले तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. तुमची नखं वाढतात ना, साधारण त्याच गतीनं ते सरकतात. एक पट्ट दुसऱ्याखाली घुसला की खोलवर खडक वितळतो आणि वर ज्वालामुखी फुटतात. आमची गोष्ट जरा निराळी. आपला भारतीय पट्ट दक्षिणेकडून वर येताना एका धगधगत्या जागेवरून गेला. जमीन भेगाळली, लाव्हा थरावर थर पसरला आणि थिजून काळा पाषाण झाला. पुढे हा पट्ट आशियाला धडकला, अजून रेटतोच आहे. तो ताण जुन्या भेगांत साठतो. एखादी भेग कचकन सरकली की भूकंप. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण घरमालक हौसरावांना कोण सांगणार! शिक्रापूरजवळच्या खाणीत सुरुंगानं मला फोडलं आणि या गृहस्थांनी मला भाड्याच्या खोल्यांच्या पत्र्यावर नेऊन ठेवलं. का, तर वाऱ्यानं पत्रा उडू नये! पत्रा आवळायला हूक मारायचा आळस, दुसरं काय.

खाली मेहरुन राहायची. नवरा सद्दाम कारखान्यात. खोलीत उकाडा, म्हणून सहा महिन्यांची शायना दारापुढच्या झोळीत निजायची. झोळी टांगायला तेवढा एकच लोखंडी अँगल, नेमका माझ्याखाली. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडे, पत्रा थरथरे आणि मी तिळतिळ कडेला सरके.

"मामा, धोंडा पार कडंला आलाय. खाली लेकरू हाय माझं. भूकंप झाला तर? हूक मारा की!"

"सुरुंगाचा हादरा त्यो, पोरी. आपली जमीन काळ्या पाषाणाची. हितं कसला आलाय भूकंप?"

ऐका! पाषाणालाच पाषाणाची हमी.

एका दुपारी भांडी खणखणली, पत्रा गदगदला. हौसराव बाजेवर लोळत होते.

"लागला सुरुंग," ते म्हणाले आणि कूस बदलली.

मेहरुन किंचाळली, "मामा, आज आवस हाय! खाण बंद हाय!"

अमावास्येला खाणीत कुणी घण उचलत नाही. खुद्द हौसराव अमावास्या म्हणूनच काम टाकून लोळत होते, आणि आठवलं कुणाला, तर मेहरुनला. तिनं झेप घेऊन शायनाला उचललं. मी कोसळलो. झोळी फाडून फरशीवर आदळलो.

हौसराव बाजेवरून उठले. मला वाटलं, लाजतील. कसचं काय! "वाचली बया," म्हणत ते मला परत पत्र्यावर चढवायला वाकले.

मेहरुन लेकराला घेऊन माझ्यावरच बसली. "आधी हूक आना. तवर मी उठायची न्हाई."

हौसराव हूक आणायला दुकानाकडे निघाले. खरं सांगतो, माणसाबद्दल मला आदर वाटला तो तेवढा एकदाच, मेहरुनकडे पाहून.

मित्रांनो, जमीन हलायची थांबणार नाही. ती तुम्हाला विचारत नाही. आज घरी गेलात की तेवढं वर बघा, तुमचं लेकरू कशाखाली निजतंय ते. मी पडताना ओरडत नसतो.