अनिरुद्धच्या डोंगरावरचा बर्फ

वारज्यातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. हिमगिरी महाराजांनी तांब्याच्या हंड्यावरचं फडकं दूर केलं, तसा पांढरा धूर काठावरून उतरला आणि व्यासपीठभर पसरला. भर एप्रिलमध्ये पुढच्या रांगांना गारवा जाणवला. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"सीमेवरचा बर्फ आहे हा!" महाराज गरजले. "ज्या वीरांचे देह सैन्याला सापडले नाहीत, ते माझ्या हाकेला येतात. विमान नको, तिकीट नको!"

स्वतः महाराज मात्र एसी गाडीतून उतरले होते. हे मी मनातच म्हटलं, कारण शेजारी माझी आई, सुंदराबाई, रडत होती.

माझा थोरला भाऊ अनिरुद्ध कारगिलच्या लढाईत मारला गेला. बावीस वर्षांचा होता. स्फोटात दरीत कोसळला. त्याचा देह सापडलाच नाही. आम्ही बौद्ध. कर्वेनगरच्या घरी भन्तेजींनी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याला पुण्य अर्पण करण्याचा विधी केला, पण समोर होता तो नुसता फोटो. घरात उरली त्याची सतरा पत्रं.

महाराजांनी आईला वर बोलावलं. हातातले जाड लोकरी मोजे न काढताच त्यांनी हंड्यातून एक पांढरा खडा काढला आणि फडक्यात बांधून तिला दिला.

"आई, तुझा लेक त्या पत्रांत अडकलाय. पुढच्या रविवारी ती घेऊन ये. अग्नीत गेली की त्याच्या अस्थी या हंड्यात उतरतील."

एवढ्या भक्तीत मोजे कशाला, हे मला खटकलं होतं.

घरी येताच आईनं खडा बोटांनी उचलला आणि स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. "पाणी होईल त्याचं. त्याच्या डोंगरावरचं पाणी. मी जपून ठेवीन."

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात फट् आवाज झाला. झाकण ओट्याखाली जाऊन पडलं होतं.

"विजू, आला गं तो!" आई धावली. मग डब्यात बघतच राहिली. तिनं आतून बोट फिरवलं. बोट कोरडंच.

"विजू, पाणी कुठं गेलं?"

वाद घालायची तयारी मी घरी येताना वाटभर केली होती. तिच्या एका प्रश्नानंतर त्याची गरज उरली नाही.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. परगावचे नमुने गोठलेले राहावेत म्हणून त्यांच्या खोक्यांत असेच खडे येतात. मी आईचं बोट पाहिलं. चिमटीच्या जागी भाजल्यासारखा लाल चट्टा होता. मी तिला सगळं समजावलं. तिनं पुन्हा एकदा डब्यात बोट फिरवलं. मग म्हणाली, "उद्या एक खडा आण. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

तिनं पाहिलं. एकदा नाही, तीनदा.

रविवारी आई व्यासपीठावर चढली. पत्रं घरीच होती. हातात दोन वाट्या होत्या. एकीत फ्रिजमधला बर्फ, दुसरी रिकामी. "महाराज, यात तुमचा बर्फ घाला. दोन्ही वितळेपर्यंत आपण बसू."

महाराज हसले. "श्रद्धा नसेल तर पाणी आटतं, माई."

"मग फ्रिजमधल्याचं का नाही आटत? श्रद्धा तर माझी त्याच्यावर मुळीच नाही!"

मागून कुणीतरी हसलं. मीही वर चढले आणि सोबत आणलेल्या कोमट पाण्यात लॅबमधला खडा टाकला. हुबेहूब तोच धूर उसळला.

"हा पाण्याचा बर्फ नाही," मी सांगितलं. "कार्बन डायऑक्साइड वायू गोठवून करतात. तो वितळत नाही, थेट वायू होऊन उडून जातो. बंद डब्यात तो वायू कोंडला की झाकण उडतं. नुसत्या हातानं धरला तर कातडी भाजते, म्हणून महाराजांना मोजे. लग्नात नवरानवरी येतात तेव्हा याच कार्यालयात हाच धूर सोडतात."

महाराज "शाप, शाप" करत मागच्या दारानं निघाले, तेही मोज्यांसकट.

लोक मात्र आमच्यावरच चिडले. यज्ञेश्वर नावाचे एक म्हातारे गृहस्थ उठले. "बाई, काय मिळवलंत? दर रविवारी माझा मुलगा इथं येत होता. तोही लढाईत गेला. त्याचंही काही सापडलं नाही."

आई खाली उतरून त्यांच्याशेजारी बसली.

"अहो, तो येत नव्हता. हे महाराज येत होते. तुमच्या मुलाचं नाव काय?"

"तेजस."

"कसा होता? मला सांगा."

ते म्हणाले, "उंच होता. चहात तीन चमचे साखर घ्यायचा."

"हे खरं," आई म्हणाली. "यात कुणाची फसवणूक नाही. माझ्या मुलाचं हाड मिळालं नाही, पण म्हणून कुणी देईल ते हाड मी त्याचं म्हणणार नाही. दुःख आपलं आहे ना? मग ते दुसऱ्याच्या हातात देण्याआधी चार प्रश्न विचारायचे. आपल्या मुलांचा तेवढा तरी मान राखायचा."

यज्ञेश्वरांनी डोळे पुसले आणि तेजसच्या शाळेबद्दल सांगायला सुरुवात केली.