खुटलपाड्याचा गट

२००४ सालच्या मे महिन्यात शहापूरच्या विश्रामगृहात दोन प्राध्यापकांनी एकेचाळीस पाड्यांची वाटणी केली. एका धर्मादाय संस्थेस शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फिरता दवाखाना चालवायचा होता. गाडी एक, थांबे सात. तेव्हा पाड्यांचे सात गट करावेत आणि प्रत्येक गटास एक थांबा द्यावा, इतके साधे काम होते. ते साधे राहू नये म्हणून संस्थेने दोन तज्ज्ञ नेमले. पाड्यांची माहिती गोळा करणारा कारकून या नात्याने मी तेथे हजर होतो.

प्रा. मेहेंदळे यांची रीत अशी, की नकाशावर आधी सात मध्य कल्पावेत, प्रत्येक पाडा जवळच्या मध्यास जोडावा, मग मध्य सरकवावेत आणि कोणीही हलेनासे होईपर्यंत हा उद्योग चालू ठेवावा. त्यांच्या तिसऱ्या गटाचा मध्य तानसाच्या जलाशयात पडला, तेव्हा तो ‘सैद्धांतिक’ असल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले. प्रा. कारखानीस यांस मध्य ही कल्पनाच असंस्कृत वाटे. ते सर्वांत जवळचे दोन पाडे प्रथम जोडीत, त्या जोडीस पुढचा शेजारी, अशी उलटी वंशावळ रचीत जात आणि सात शाखा उरल्या की थांबत.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तेव्हा चाळीस पाडे तंतोतंत जुळले. त्या चाळिसांविषयी नंतर कोणी एक शब्दही काढला नाही. तेवीस घरांचा खुटलपाडा तेवढा मेहेंदळ्यांकडे मुरबाडच्या बाजूस पडला होता आणि कारखानिसांकडे शहापूरच्या. त्यावर तीन दिवस वाद झाला.

तिसऱ्या दिवशी खुटलपाड्याची भिमी आणि तिचा नवरा चांगो पायी चालत आले. त्यांची सून रुपा हिला सहावा महिना लागला होता. तिचे पहिले मूल आदल्या पावसाळ्यात दवाखान्याच्या वाटेवरच गेले होते. गाडी कोठे थांबणार, एवढेच भिमीला हवे होते.

“साहेब, आमचा पाडा कुठं टाकला?”

“अंतर पाहता तुम्ही मुरबाडकडे, बाई,” मेहेंदळे म्हणाले. “साडेतीन किलोमीटर.”

“मधी शाई नदी हाय. पावसात ती तुमचं किलोमीटर मोजू देल काय?”

कारखानीस प्रसन्नपणे हसले. “म्हणूनच माझ्या यादीत तुम्ही शहापूरकडे आहात.”

“तिकडं डोंगर हाय. चढून बघा, मंग हसा.”

“गप गो,” चांगो कुजबुजला, “शिकलेली मानसा हायत.”

“शिकलेली हायत म्हणून तं सांगते. अडाण्याला सांगावा लागत नाय.”

मेहेंदळ्यांनी चष्मा पुसला. “मग तुम्ही स्वतःस कोणत्या गटात धरता?”

“आजारी मानसाला झोळीत घालून नेतो ना, तवा खांदा पालटायला साखरपाड्याची येतात. तिथून फुडं धाऊच्या वाडीची. तेवढीच आमची. थांबा साखरपाड्याला द्या, माझी सून पोचंल.”

मेहेंदळ्यांनी मला विचारले, की खांदा पालटणाऱ्यांचा रकाना आपल्या तक्त्यात आहे काय. मी तक्ता पाहिला. घरांचा होता, माणसांचा होता, शेळ्यांचाही होता, खांद्यांचा नव्हता. नवा रकाना घातल्यास सर्व गणित पुन्हा मांडावे लागेल, असे कारखानीस म्हणाले, आणि मेहेंदळ्यांनी तीन दिवसांत प्रथमच त्यांस अनुमोदन दिले.

मग उभयतांनी एका तिसऱ्या रीतीस पंच नेमले. तिच्या नियमाप्रमाणे, ज्या पाड्याभोवती ठरावीक अंतरात निदान चार शेजारी असतील, तोच गटात बसतो. इतरांस ‘भरकटलेले’ म्हणावे. संगणकाने क्षणात निकाल दिला: खुटलपाडा भरकटलेला. दोघांच्याही चेहऱ्यांवर समाधान पसरले, कारण आता दोघांपैकी कोणीच चुकला नव्हता. खुटलपाडा दोन्ही याद्यांतून वगळण्यात आला आणि उरलेल्या चाळिसांत सहमती शंभर टक्के भरली.

“म्हंजे गाडी?” भिमीने विचारले.

प्राध्यापक अहवालाच्या शीर्षकाविषयी बोलत असल्यामुळे उत्तर मला द्यावे लागले. कारणही सांगितले.

“आमी भरकटलो? आजा-पणजापासून तिथंच हाव,” ती म्हणाली. मग प्राध्यापकांपुढच्या चहाच्या दोन कपांकडे पाहून नवऱ्याला, “चला. हितं च्या पन यांच्यापुरताच हाय.”

पाऊस लागण्यापूर्वी तिने रुपाला नदीपलीकडे, मुरबाडच्या बाजूस तिच्या माहेरी नेऊन ठेवले. तेथून गाडीचा थांबा अर्ध्या तासावर होता. श्रावणात रुपा सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. हा सारा वृत्तांत मी संस्थेस सविस्तर कळवला आणि साखरपाड्यास थांबा द्यावा, अशी विनंती केली.

ते पत्र संस्थेने मेहेंदळ्यांकडे पाठवले. अहवालाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तळटीप घातली: ‘खुटलपाड्यातील रहिवासी स्वयंस्फूर्तीने मुरबाड गटाकडे सरकत असल्याचे आढळून आले आहे.’ कारखानिसांनी त्यास चार पानांचे उत्तर लिहिले. एका बाईवरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय आहे, असे त्यांनी त्यात बजावले. किमान तीस बाळंतिणी पाहिजेत.