शिक्का मारणार नाही

सकाळच्या कवायतीनंतर तीनशे माणसांसमोर मला माफीपत्र वाचायला लावलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तरी अक्षर न् अक्षर पाठ आहे. "माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्या कारखान्याच्या नावाला बट्टा लागला. मी, मासुझावा तोमिए, सर्वांची क्षमा मागते." वाचून झालं की कमरेत वाकायचं आणि मुकादम ताकेई साहेब "पुरे" म्हणेपर्यंत वर यायचं नाही. त्यांनी मुद्दाम वेळ लावला. अंगणात घोटाभर बर्फ होता. मी माझ्याच बुटांकडे बघत वाकून उभी होते आणि मनातल्या मनात त्या माणसाला अशा शिव्या घालत होते, की त्या आईला ऐकू गेल्या असत्या तर तिने मला घरात घेतलं नसतं.

माझी चूक नव्हती. वाचताना मला ते ठाऊक होतं. सिद्ध कसं करायचं, तेवढं ठाऊक नव्हतं.

जपानात, सुवा तळ्याकाठी आमचा कॅमेऱ्यांचा कारखाना होता. १९५८ सालचा जानेवारी. मी सात वर्षं शटर तपासणीत होते. आमच्या कॅमेऱ्यात शटर लेन्सच्या पोटातच असायचं, पाच पोलादी पाती, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. बटण दाबलं की उघडायची, ठरलेल्या वेळाने मिटायची. एक सेकंदावर लावून दाबलं की आतली चक्रं झिर्र करत फिरतात. त्या आवाजावरून मला कळायचं, शटर बरोबर आहे की रेंगाळतंय. मग यंत्रावर खात्री करायची आणि कॅमेऱ्याच्या चिठ्ठीवर आपल्या नावाचा शिक्का मारायचा. शिक्क्याशिवाय कॅमेरा पुढे पॅकिंगला जात नसे.

त्या महिन्यात उत्तरेतल्या होक्काइदो बेटावरच्या एका दुकानदाराने कॅमेरे परत पाठवले. पाती चिकटत होती. कुणाच्या लग्नाच्या अख्ख्या रोलचे फोटो पांढरेफटक आले होते, कारण शटर उघडलं ते मिटलंच नाही. ताकेई साहेबांनी सतरा कॅमेरे खिडकीपाशीच्या माझ्या टेबलावर मांडले.

"शिक्का कुणाचा?"

"माझा."

"मग हातही तुझेच. थंडी पडली की तुम्ही बायका हातांना क्रीम चोपडता. तेच बोटांवरून पात्यांना लागलं."

"मी क्रीम लावत नाही, साहेब. हे बघा." मी हात पुढे केले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, दोन ठिकाणी रक्त सुकलं होतं. क्रीमची बंदी आम्ही सगळ्याच पाळायचो. हिवाळाभर फुटलेल्या हातांनी काम करायचो.

त्यांनी हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. "आज नसेल लावलं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी माफीपत्र तयार होतं. लिहिलेलं त्यांनीच, खाली शिक्का माझा.

वर शिक्षा अशी, की महिनाभर सुटी झाल्यावर एक तास थांबून ते सतरा कॅमेरे मी साफ करायचे. ही शिक्षा देऊन त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिल्या कॅमेऱ्याची पुढचं कडं मी उघडलं, समोरचं भिंग काढलं. पाती तेलकट होतीच. पण तेल कसं होतं? बोटाने लागलेलं तेल एका जागी डाग पाडतं. इथे कडेने सगळीकडून सारखं आत सरकलेलं, ओल्या कपाचा ठसा टेबलावर उमटतो तसं गोल. बेंझिनमध्ये कापूस भिजवून पाती पुसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कोरडी झाली. शटर टकाटक चालायला लागलं. तो कॅमेरा मी फळीवर ठेवला आणि दुसरा घेतला.

तीन दिवसांनी सहज पहिला पुन्हा उघडून बघितला. पाती परत ओली.

मी स्टुलावर बसूनच राहिले. तेल बाहेरून आलेलंच नव्हतं. ते कॅमेऱ्याच्या आतून येत होतं. लेन्स पुढे-मागे फिरवायचे जे आटे असतात, त्यांना ग्रीस लावलेलं असतं. तेवढी एकच जागा. आणि आट्यांचं ग्रीस मागच्या ऑगस्टमध्ये बदललं होतं. आधी यायचं ते पिवळं, घट्ट, मेणासारखं. आता पत्र्याच्या मोठ्या डब्यातून पांढरं, मऊ यायचं. स्वस्त पडतं म्हणून ताकेई साहेबांनी ते सुचवलं आणि वरून शाबासकीही मिळवली, असं ऐकलं होतं. मी चिठ्ठ्या तपासल्या. सतराच्या सतरा कॅमेरे ऑगस्टनंतरचे.

बेंझिनची बाटली संपली म्हणून दुसरी घ्यायला मी ताकेई साहेबांच्या टेबलाखाली वाकले, तर तिथे अजून एक खोकं दिसलं. त्याच दुकानदाराचं. आत बारा कॅमेरे. तेच दुखणं, पण चिठ्ठ्यांवर शिक्के दुसऱ्यांचे, चार वेगवेगळ्या बायकांचे. म्हणजे एकोणतीस आले होते. त्यातले माझे सतरा निवडून त्यांनी मला अंगणात वाकवलं आणि उरलेले टेबलाखाली सारले.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी ते खोकं उचललं आणि माझ्या फळीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

आटे बसवायचं काम याझाकी मावशींकडे होतं. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. त्यांना मी सकाळीच गाठलं.

"मावशी, जुनं पिवळं ग्रीस आहे का कुठे थोडं?"

"डब्याच्या बुडाशी असेल खरवडून. कशाला हवंय? पावाला लावतेस?"

"दोन कॅमेरे बांधा मला. एकाला पिवळं, एकाला पांढरं. मी हात लावणार नाही. तुम्हीच बांधा, तुम्हीच पात्यांवर नजर टाका."

मावशींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग काही न विचारता दोन्ही बांधले. आम्ही ते चार दिवस बॉयलरच्या खोलीत, नळाशेजारच्या उबदार फळीवर ठेवले. दुकानात शेकोटीजवळच्या कपाटात कॅमेरा असाच तापतो. पाचव्या दिवशी सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर तासभर ठेवले. तापमान उणे बारा होतं; उबेने पाझरलेलं तेल थंडीत चिकट होतं. तळ्यावरचा बर्फ रात्रभर कडकडत होता.

दहाच्या चहाला नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्याची बशी मधे ठेवून आम्ही अकरा जणी बसायचो. मी दोन्ही कॅमेरे बशीशेजारी ठेवले. पिवळ्याचं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. मग पांढऱ्याचं. पाती अर्धवट उघडली आणि तिथेच थांबली, झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखी. कॅमेरा एकेकीच्या हातातून फिरला. शेवटी आमच्यातली सगळ्यात लहान चिझुको म्हणाली, "म्हणजे तोमिएताई, तुम्ही उगाच वाकलात."

मी तशीच उठले आणि ताकेई साहेबांसमोर गेले. "साहेब, हे बघा. याला माझा हात लागलेला नाही."

त्यांनी पाहिलं. चेहरा जराही बदलला नाही. फक्त म्हणाले, "हळू बोल."

त्या दोन शब्दांनी मला सगळं कळलं. त्यांना ठाऊक होतं. ग्रीस त्यांनीच सुचवलं होतं, त्याबद्दल वरून शाबासकी घेतली होती, आणि आता ते अंगावर येऊ नये म्हणून माझे फुटके हात पुढे केले होते.

"मी हळू बोलणार नाही," मी म्हणाले. "आणि हे पांढरं ग्रीस आहे तोवर एकाही चिठ्ठीवर शिक्का मारणार नाही."

"नको मारूस. दुसरी मारेल." ते चिझुकोकडे वळले. "चल, तू घे तिची ट्रे."

चिझुको एकोणीस वर्षांची, त्यांना बघून घाबरणारी. तिने शिक्का एप्रनच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवून उभी राहिली.

"याझाकीबाई?"

"माझा शिक्का घरी राहिला," मावशी म्हणाल्या. शिक्क्याची लाल दोरी त्यांच्या गळ्यात सगळ्यांना दिसत होती.

"माझाही," पलीकडची म्हणाली. "माझाही." एकेक करून सगळ्यांचे शिक्के घरी राहिले.

संध्याकाळपर्यंत ट्रेवर ट्रे चढल्या. दुसऱ्या दिवशी जागा उरली नाही, तेव्हा ट्रे जमिनीवर ठेवल्या. पॅकिंगवाले दोनदा विचारायला आले आणि रिकामी ढकलगाडी घेऊन परत गेले. आम्ही हात बांधून बसलो नव्हतो. कॅमेरे तपासत होतो, चिठ्ठीवर वेळ लिहीत होतो, फक्त खालचा चौकोन कोरा सोडत होतो. ताकेई साहेब ओरडले, मग समजुतीच्या सुरात आले, मग पुन्हा ओरडले. "घरी आई एकटी आहे ना तुझी?" असंही विचारलं. मी म्हटलं, "आहे. तिला माफीपत्राचं मी सांगितलंय. तिला तुम्हाला भेटायचंय."

तिसऱ्या दिवशी कारखान्याचे प्रमुख ओगुची साहेब यांनी मला बोलावलं. टेबलावर लाल डाळीच्या मिठाईचा डबा होता, वर छान कागद. ते सभ्यपणे बोलले. ग्रीस बदलायची ऑर्डर गेली आहे, तुमचं निरीक्षण बरोबर होतं. झालं गेलं आता सोडून द्या, सगळे मिळून कामाला लागू.

"माझं माफीपत्र?"

"ते फाइलमध्ये आहे. त्याचं काय एवढं!"

"मी अंगणात वाचलं, साहेब. तीनशे जणांसमोर. तुमचं म्हणणंही तिथेच वाचा. आणि माझा कागद मला परत द्या."

"बाई, तुम्ही जरा जास्तच ताणताय."

"मी पाठ ताणून वाकले होते, तेव्हा मोजलं होतं कुणी?"

डबा मी तिथेच ठेवला.

चौथ्या दिवशी कवायत झाल्यावर ओगुची साहेब पायरीवर चढले आणि खिशातून कागद काढला. चार ओळी होत्या. गेल्या ऑगस्टपासून वापरलेलं ग्रीस योग्य नव्हतं, ते बदलण्यात आलं आहे, संबंधित कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. एवढं वाचून ते कागदाची घडी घालू लागले.

संबंधित कर्मचारी! मी रांगेतून बाहेर आले.

"नाव घ्या."

सगळी मान वळवून बघायला लागली. ओगुची साहेबांनी पुन्हा कागद उघडला. त्यात नाव नव्हतं. त्यांना ते आठवतही नव्हतं, हे मला पायरीखालून दिसत होतं. काल याच माणसाने मला मिठाई देऊ केली होती. त्यांनी ताकेई साहेबांकडे बघितलं.

"नाव घ्या," मी पुन्हा म्हणाले. "माफी मागताना घ्यायला लावलं होतं ना?"

ताकेई साहेब बुटांनी बर्फ उकरत होते. मागून याझाकी मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थंडी वाजतेय, साहेब. आटपा लवकर."

"मासुझावा तोमिए," ताकेई साहेब म्हणाले. पुटपुटलेच.

"मागे ऐकू आलं नाही!" कुणीतरी ओरडलं. पुरुषांच्या रांगेतून.

"मासुझावा तोमिए यांचा दोष नव्हता," ताकेई साहेब या वेळी मोठ्याने म्हणाले.

माफीपत्र मला त्याच दुपारी परत मिळालं. मी ते बॉयलरमध्ये टाकलं. मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. नाही वाटलं. दिवसभर मी तोच कॅमेरा पुन्हा पुन्हा कानाला लावत राहिले. चिझुकोने न सांगता माझी अर्धी ट्रे तिच्याकडे ओढून घेतली.

एप्रिलमध्ये माझी बदली पॅकिंगला झाली. कारण दिलं, डोळ्यांना आराम. सात वर्षं कमावलेला कान घेऊन मी पुठ्ठ्याची खोकी घडवायला लागले. ताकेई साहेब त्याच वर्षी वरच्या जागेवर गेले. मी वर्षभर खोकी घडवली आणि नोकरी सोडून मात्सुमोतोला दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकान चाललं, आजही चालतं. गिऱ्हाईकं म्हणतात, आजी, तुम्ही तेव्हा जिंकलात की. मी त्यांना सांगते, जिंकले असते तर मी खिडकीपाशी, माझ्या टेबलाशी बसले असते. पॅकिंगच्या खोलीला खिडकी नव्हती.