व्हिएन्नाचा पलंग, बुडापेस्टचं सूप

हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकल्यावर मार्येताने कोट काढला नाही की ती खिडकीशी गेली नाही. ती थेट गुडघ्यांवर बसली आणि वाकून पलंगाखाली बघू लागली.

"झालं सुरू!" दारात बॅगा घेऊन उभा असलेला त्सिरिल म्हणाला. "अगं, पाहुणे आहोत आपण इथं. तपासणीला नाही आलो."

"धुळीचा कण नाही," ती उठत म्हणाली. आवाजात जरा निराशाच होती. मग तिनं चादरीची कोपऱ्यातली घडी उलगडून पाहिली आणि न्हाणीघरातल्या नळामागून बोट फिरवलं. "पोरी चांगल्या आहेत इथल्या. वरच्या बाईचा धाक असणार."

मार्येताने छत्तीस वर्षं खोल्या आवरल्या होत्या. स्लोव्हेनियातल्या त्यांच्या गावात औषधी पाण्याचे झरे होते, आणि ते पाणी प्यायला येणाऱ्यांसाठी टेकडीवर एक मोठं हॉटेल होतं. त्याचा तिसरा मजला तिचा आणि तळमजल्यावरचं स्वयंपाकघर त्सिरिलचं. ओळख तिथल्याच जिन्यात झाली, लग्नाची मेजवानीही तिथल्याच बागेत. दोघांचीही नोकरी संपली तेव्हा सोबतच्या मंडळींनी मिळून त्यांना ही सहल भेट दिली. दोन दिवस व्हिएन्ना, दोन दिवस बुडापेस्ट. इतकी वर्षं लोकांची अंथरुणं घातलीत, लोकांना जेवू घातलंत, आता जरा स्वतः लोळा, असं ती मंडळी म्हणाली.

त्सिरिलला मात्र यायचंच नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला खारट कळे, आंबट कळे, गोड-कडू कळे. बाकी सगळा कापूस. एके दिवशी त्याच्या पाठीशीच दूध करपलं आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना ते त्याच्याआधी कळलं.  त्यानंतर त्याने चव घेऊन पातेलं पुढे सरकवलं, की कुणीतरी हळूच मागून चमचा बुडवी. त्याने ते दोन महिने पाहिलं आणि मग तो नोकरी सोडून घरी बसला. तेव्हापासून घरी मार्येता रांधी आणि तो पुढ्यात येईल ते गिळी.

"बहिऱ्यानं गाण्याला जाऊन काय करायचं?" सहलीचं निघालं तेव्हा तो म्हणाला होता.

"मला एकटीला गाडीत झोप लागते. स्टेशन चुकेल माझं," ती म्हणाली होती. तेवढ्यासाठी तो आला.

त्या संध्याकाळी ती दोघं हॉटेलच्याच जेवणघरात बसली. मेजावरच्या कापडाला अशी इस्त्री, की मार्येताला त्यावर हात ठेवायचा धीर होईना. आजूबाजूचे लोक चर्चमध्ये बसल्यासारखे कुजबुजत होते. पांढऱ्या हातमोज्यांच्या वाढप्याने सूप आणलं. गोमांसाचं नितळ सोनेरी पाणी आणि त्यात धिरड्याच्या बारीक पट्ट्या.

त्सिरिलने एक चमचा घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. "सांग."

"काय सांगू?"

"कसं आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान. गरम आहे."

"मार्येता, इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस तू. यात कांदा आधी करपवून घातलाय का? जायफळ आहे का? हाडं किती वेळ उकळलीत?"

"मला काय ठाऊक?" ती जरा मोठ्याने बोलली. शेजारच्या मेजावरच्या बाईने मान वळवली. "माहेरी आम्ही नऊ जण एका पातेल्यातून खायचो. चव बघत बसेल तो उपाशी उठेल, अशी गत. मी चादरी ओढल्यात आयुष्यभर. सूप तुझं खातं."

त्सिरिलने चमचा ठेवला. रागावला नव्हता, त्याचंच तिला जास्त लागलं.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला, "निदान तू सांगशील."

दोन वर्षं ती जेवताना मुद्दाम गप्प राहिली होती. ज्याचं नाक गेलं त्याच्यासमोर वासाच्या गोष्टी कशाला, म्हणून. आपण मायेनं गप्प होतो आणि तो त्या गप्पपणातच उपाशी राहत होता, हे तिला त्या शुभ्र मेजापाशी पहिल्यांदा कळलं. पण कळलं म्हणून शब्द थोडेच फुटतात? तिने सूप संपवलं. पुन्हा मनात 'छान' एवढंच आलं.

व्हिएन्नात तशी कशाचीच कमतरता नव्हती. पलंग असा, की पाठ टेकली की दिवसभराची चाल विसरावी. न्याहारीला नऊ तऱ्हेचे पाव. त्सिरिलने दोन उकडलेली अंडी घेतली. दुसऱ्या दिवशी ती दोघं राजवाडा बघून आली, सफरचंदाची गोड गुंडाळी खाऊन आली, आणि दिवसभरात एकमेकांशी बोलली ती फक्त ट्रामच्या नंबरांबद्दल.

बुडापेस्टला मंडळींनी हॉटेल घेतलं नव्हतं. आतल्या चौकाभोवती उभ्या असलेल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, इर्मा नेनी, म्हणजे इर्मा मावशी, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सत्तरीच्या बाईच्या घरात खोली होती. लिफ्ट बंद. कपाटाचं दार कागदाची घडी घालून अडकवलेलं. पलंगाखाली धूळ तर होतीच, शिवाय कुणाचा तरी एक मोजा.

"हे बघ!" मोजा चिमटीत धरून मार्येता म्हणाली. ती पलंगावर बसली तशी मधल्या खळग्यात रुतली. सावरायला तिनं उशी ओढली आणि उशी तोंडाजवळ आली तशी ती थांबली.

"आता काय सापडलं?" त्सिरिलने विचारलं.

"ही यंत्रात नाही वाळवलेली. खाली चौकात, दोरीवर." तिनं पुन्हा नाक लावलं. "सकाळच्या उन्हात. दुपारच्या उन्हानं कापडाला भाजल्यासारखा वास येतो, ही अजून थंड आहे. वाळत होती तेव्हा शेजारी कुणीतरी मिरच्या भाजल्यात. आणि मग कपाटात ठेवलीय, अक्रोडाची पानं घालून. कसर लागू नये म्हणून. माझी आत्या ठेवायची तशी."

त्सिरिल बॅगेचा पट्टा सोडत होता. तो तसाच वळला. "हे सगळं कळतं तुला?"

"न कळायला काय झालं? छत्तीस वर्षं नाक चादरीतच होतं माझं. खोलीचं दार उघडलं की कळायचं, कोण चोरून सिगारेट ओढतंय, कुणाचं दुखणं उतरतंय, कोण उशीत तोंड घालून रडलंय."

"मला कधी बोलली नाहीस."

"पाहुण्यांचं बाहेर बोलू नये. आणि तू विचारलंस कधी? घरी आलास की तुझ्या रश्श्यांचं पुराण."

तो येऊन तिच्या शेजारी बसला. दोघंही घसरून मधल्या खळग्यात, खांद्याला खांदा लागून. उठायचा प्रयत्न कुणीच केला नाही.

"मला सूपही तसंच सांग ना," तो म्हणाला. "स्वयंपाक्यासारखं नको. चादरीसारखं सांग."

कोपऱ्यावरच्या खानावळीत मेजांवर रबरी कापड होतं, रेडिओ ओरडत होता, आणि एक अख्खं कुटुंब कशावरून तरी जोरजोरात भांडत जेवत होतं. लहानशा हंडीतून माशाचं लालभडक सूप आलं. मार्येताने डोळे मिटले. लोक बघतायत का, हे आज तिनं पाहिलं नाही.

"आधी नदी," ती म्हणाली. "पूर ओसरल्यावर काठाला येतो तो वास. थांब, वाईट नाहीये तो. मग लोकरीचं पांघरूण शेकोटीजवळ वाळत घातल्यासारखं काहीतरी. ऊब आहे, धूर नाही. आणि खूप खाली, सगळं झाल्यावर, गोड."

"कांदा!" त्सिरिलने मेजावर हात मारला. "तो गोडवा कांद्याचा. बारक्या माशांबरोबर तासभर शिजवून गाळून घेतलाय. आणि पांघरूण म्हणजे पाप्रिकाचं तिखट. हंडी विस्तवावरून उतरवून घातलंय, म्हणून धूर नाही. विचार, विचार त्या बाईला!"

वाढणाऱ्या बाईला त्यांची मोडकी जर्मन जेमतेम कळली, पण तिनं कमरेवर हात ठेवून मान हलवली. अगदी तस्संच. त्सिरिल हसला. मग त्याने हंडी पुढे ओढली आणि पावाच्या तुकड्याने तळ पुसेपर्यंत खाल्लं. मध्येच तो थांबे आणि म्हणे, "नदीचं परत सांग." ती परत सांगे.

निघायच्या दिवशी सकाळी तो इर्मा नेनीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. बटाटे मिळतील का, वाळवलेल्या अळंब्या आणि मरवा आहे का, म्हणून मोडक्या जर्मनमध्ये विचारू लागला.

"माझ्या शेगडीपाशी पुरुष?" इर्मा नेनी म्हणाली. "माझा नवरा पन्नास वर्षांत पाणी तापवायलासुद्धा आला नाही." पण तिनं एप्रन काढून दिला.

दोन वर्षांनी त्सिरिलच्या हातात सुरी आली होती. पहिले दोन बटाटे त्याने जपून चिरले, तिसऱ्यापासून सुरी आपोआप धावू लागली. मार्येता दाराशी स्टुलावर बसून बघत होती. घरातसुद्धा ती त्याला असं बघत बसली नव्हती.

"मग, व्हिएन्ना चांगलं की आम्ही?" इर्मा नेनीने तिला विचारलं.

"पलंग तिथला," मार्येताने खरं ते सांगितलं. "तुमचा म्हणजे आंघोळीचा टब आहे."

"टब!" इर्मा नेनी फणकारली. "त्या टबात भांडून दोन कडांना गेलेले नवराबायको मी कधी पाहिले नाहीत."

त्सिरिलने चमचा मार्येतापुढे धरला.  तिनं घाई केली नाही.

"बटाटा आहे. ओल्या मातीसारखा, चांगला," ती म्हणाली. "अळंब्या म्हणजे पाऊस पडून गेल्यावरचं लाकूड. पण मरवा... तो दाराबाहेर उभा आहे. आत येत नाहीये."

छान म्हणून सोडून देता आलं असतं. तिनं दिलं नाही. त्सिरिलने चिमूटभर मरवा घेतला, तळहातांत चोळला, पातेल्यावर सोडला आणि झाकण ठेवून वाट पाहिली. मग पुन्हा चमचा.

"आला आत," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ ताटल्या शोधत राहिला, त्या समोरच असताना. इर्मा नेनीने खिडकीबाहेर बघायचं काम काढलं.

गाडी दुपारची होती. तिघांनी त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरातच जेवून घेतलं. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्सिरिल म्हणाला, "घरी गेलो की रविवारी काय करू?"

"तू करणार?"

"तू शेजारी बसणार असशील तर."

मार्येताने विचार केला. "आंबवलेला कोबी," ती म्हणाली. "तुझा तो नावाजलेला. मला तो कधीच आवडला नाही, त्सिरिल. का ते आता सांगता येईल."